फायर सूट: निवडण्यापासून बाद करण्यापर्यंत, नाशिकच्या आपत्कालीन पथकांसाठी

एका सहकाऱ्याच्या खांद्यावरची भाजल्याची खूण अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दोन्ही खांद्यांवर तीन बोटं रुंदीचे लाल पट्टे, त्यांवर पाणी धरलेले फोड आणि कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ. अंगातून काढलेला कोट मात्र शाबूत होता. भोक नाही, डाग नाही, कापडाचा रंगसुद्धा बदललेला नाही. तेव्हा मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात होतो. सकाळच्या ड्रिलमध्ये कोट भिजले, ते तसेच खुंटीला अडकवले गेले. दुपारी ओव्हनच्या डक्टने पेट घेतला आणि पोरं तेच ओले कोट चढवून आत गेली. पाठीवरच्या बीए सेटचे (श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क यांचा संच) पट्टे जिथे खांदा दाबत होते, बरोबर तिथेच कातडी भाजली.

दवाखान्यात तो मला म्हणाला, “साहेब, कोट तर नवाच होता ना?”

कोट नवाच होता. प्रमाणपत्राचा होता. चुकलं ते आमचं. त्यानंतर मी हा विषय मुळापासून शिकलो आणि आता अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे इथल्या पथकांना शिकवतो. कारखान्यांची पथकं, छोट्या नगरपालिकांचे जवान, गोदाकाठचे जीवरक्षक, डोंगरावर वणवा विझवायला धावणारे गावकरी या सगळ्यांच्या उपयोगाचं जे आहे ते इथे सांगतो. नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. अशा वेळी नवी स्वयंसेवक पथकं उभी राहतात आणि साहित्याची खरेदी घाईत उरकली जाते. ती घाई होण्याआधी हे वाचलेलं बरं.

आधी कोटाच्या पोटात काय आहे ते पाहा

कोटाचं अस्तर उलटून बघा. खऱ्या फायर कोटात तीन थर असतात. बाहेरचं कापड अ‍ॅरॅमिड जातीच्या धाग्याचं. नोमेक्स आणि केवलार ही त्यातली आपल्याला ऐकून माहीत असलेली नावं. हे कापड वितळत नाही, ज्वाळा दूर केली की जळत राहत नाही आणि खिळ्याला अडकून सहज फाटत नाही. मधला थर पातळ पडद्याचा. तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. सगळ्यात आत गोधडीसारखा शिवलेला जाडसर थर.

गोधडीची उपमा मी मुद्दाम देतो, कारण दोन्हींचं काम एकाच तत्त्वावर चालतं. ऊब गोधडीच्या चिंध्यांत नसते, चिंध्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. फायर कोटातही उष्णता अडवते ती मुख्यतः थरांमधली हवा. ती हवा दोन गोष्टींनी निघून जाते. एक म्हणजे दाब: खांद्यावरचा पट्टा, जमिनीवर टेकलेला गुडघा, भिंतीला घासलेलं कोपर. दुसरी म्हणजे पाणी. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता पुढे पोहोचवतं आणि तापलं की त्याची वाफ होते. आमच्या सहकाऱ्याच्या खांद्यावर दाब आणि पाणी दोन्ही एकत्र आले होते.

आता वेळेचा हिशेब. कातडी ४४ अंश सेल्सिअसला दुखायला लागते आणि ५५ अंशांच्या आसपास फोड येतात. आपला कोट त्या ५५ अंशांपर्यंत पोहोचण्याचा वेळ लांबवतो, एवढंच. अमेरिकन मानकात कोटाची उष्णतारोधक क्षमता टीपीपी या आकड्याने मोजतात आणि तो किमान ३५ लागतो. या आकड्याची निम्मी किंमत म्हणजे साधारण साडेसतरा सेकंद. खोलीतलं सगळं सामान एका झटक्यात पेटतं, त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात. तेवढ्या उष्णतेत फोड येण्याआधी प्रयोगशाळेत मिळणारा हा वेळ आहे. साडेसतरा सेकंद! एवढ्यात वळायचं आणि दार गाठायचं. ड्रिलला आलेल्या प्रत्येक नव्या पोराकडून मी हे सेकंद मोठ्याने मोजून घेतो.

पहिली पायरी: आपल्याकडे धोका कुठला, हे लिहून काढा

खरेदीला निघण्याआधी एक कागद घ्या आणि आपल्या हद्दीत काय काय होऊ शकतं ते लिहा. नाशिकपुरतंच बोलायचं तर अंबड-सातपूरला रंग, तेल, रबर, विजेचं साहित्य आहे. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी भागात द्राक्षांची शीतगृहं आहेत आणि शीतगृह म्हटलं की बऱ्याच ठिकाणी गारव्यासाठी वापरला जाणारा अमोनिया वायू आलाच. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पावसात खचणारे वाडे आहेत. गोदावरीला पूर येतो. महामार्गावर आणि कसारा घाटात टँकर उलटतात. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या बाजूला फेब्रुवारीपासून गवत पेटायला लागतं.

एवढ्या सगळ्याला एक सूट पुरत नाही. तरी कारखान्यांच्या फायर रूममध्ये मी पुन्हा पुन्हा एकच दृश्य पाहतो: काचेच्या कपाटात टांगलेला चंदेरी, चमकणारा एकच सूट, वर लाल अक्षरांत ‘फायर सूट’ असं लिहिलेलं. विचारलं की सांगतात, आग लागली की हा घालून आत जायचं.

याबद्दल मला जीव तोडून सांगायचंय. चंदेरी सूट म्हणजे प्रॉक्सिमिटी सूट. त्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर लांबून किरणांनी येणारी उष्णता आरशासारखी परतवतो. तेलाची टाकी पेटली, विमान पेटलं, भट्टीजवळचा व्हॉल्व्ह बंद करायचाय, अशा वेळी जवळ जाऊन उभं राहायला तो आहे. ज्वाळेत शिरायला नाही. धूळ, तेल, घडीच्या भेगा यांनी चमक गेली की परतवण्याची ताकदही जाते. त्यातले स्वस्त सूट तर एकेरी कापडाचे असतात, आत उष्णतारोधक थरच नसतो. कपाटात वर्षानुवर्षं पडलेला फार जुना सूट अ‍ॅस्बेस्टॉसचाही असू शकतो. तो उगाच हाताळू नका, झटकू तर मुळीच नका. दुहेरी पिशवीत सीलबंद करून घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावा.

इमारतीत, गोडाऊनमध्ये, धुरात शिरायचं असेल तर तीन थरांचा कोट आणि पँटच लागते. त्याला स्ट्रक्चरल सूट किंवा टर्नआउट सूट म्हणतात.

दुसरी पायरी: खरेदी

भारतीय मानकांत अग्निशामकांच्या संरक्षक कपड्यांसाठी आयएस १६८९० आहे. युरोपचं ईएन ४६९, अमेरिकेचं एनएफपीए १९७१, जे आता एनएफपीए १९७० मध्ये सामील झालं आहे. ईएन ४६९ मध्ये दोन पातळ्या असतात. लेबलवर एक्स, वाय, झेड ही अक्षरं आणि त्यांपुढे १ किंवा २ छापलेलं असतं. एक्स उष्णतेसाठी, वाय पाणी रोखण्यासाठी, झेड घामाची वाफ बाहेर जाण्यासाठी. धुरात शिरणाऱ्या माणसाला तिन्ही ठिकाणी २ हवा. विक्रेता नुसतं “ईएन ४६९ आहे साहेब” म्हणाला तर लेबल उलगडून दाखवायला सांगा. पुष्कळदा तिथे १ निघतो.

चाचणीचा अहवाल मागा आणि तो नीट वाचा. अहवाल संपूर्ण कोटाचा आहे की फक्त बाहेरच्या कापडाचा? माझ्या अनुभवात फसगत सगळ्यात जास्त इथे होते. कापड अस्सल अ‍ॅरॅमिडचं, त्याचा अहवालही खरा, पण आतला पडदा आणि गोधडी वेगळ्याच. तिन्ही थर एकत्र तपासल्याचा कागद नसेल तर तो कोट घेऊ नका.

मग माप. कोट अंगात घालून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. पूर्ण पोशाख चढवून दोन्ही हात वर करा, खाली वाका, चार पावलं रांगा. कुठल्याही अवस्थेत कोट आणि पँट एकमेकांवर किमान दोन इंच यायला हवेत. मनगट उघडं पडता कामा नये. कोट अंगाला घट्ट बसला तर हवेचा थर दबतो, फार ढगळ असला तर माणूस अडखळतो. “सगळ्यांना एक्स्ट्रा लार्ज घ्या, सगळ्यांना बसेल” असं म्हणणाऱ्या स्टोअरच्या माणसाला एकदा तो घालून जिना चढायला लावा. पथकात मुली असतील तर त्यांची मापं स्वतंत्र घ्या. पुरुषी बेतलेल्या पँटमध्ये त्यांना गुडघा धड वाकवता येत नाही.

संख्येचाही विचार करा. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरीजवळ मुंढेगावच्या प्लॅस्टिक फिल्मच्या कारखान्याला आग लागली, ती कितीतरी तास धुमसत होती. अशा आगीत पहिल्या फेरीतच कोट चिंब होतात, काजळीने भरतात. तो ओला कोट दुसऱ्या फेरीला घालायचा नसेल तर सुके जास्तीचे सेट लागतात. दहा माणसांच्या पथकाला किमान चार जास्तीचे, वेगवेगळ्या मापांचे.

डोकं, हात, पाय

बांधकामावरचं पिवळं हेल्मेट आगीत चालत नाही. ते आयएस २९२५ चं, डोक्यावर काही पडलं तर धक्का झेलायला बनवलेलं. अग्निशामकांचं हेल्मेट आयएस २७४५ किंवा ईएन ४४३ चं घ्या. त्याला चेहऱ्यापुढची काच आणि मानेवर पडणारी झालर हवी. हनुवटीचा पट्टा लावायचा कंटाळा अनेकांना असतो. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या ठोकरीला निघून जातं, हे ड्रिलमध्ये दाखवून द्या.

हूड म्हणजे माकडटोपीसारखी विणलेली टोपी. तिच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. कान, मान, जबडा हे भाग दुसऱ्या कशानेच नीट झाकले जात नाहीत. हूड प्रत्येकाची स्वतःची हवी आणि प्रत्येक आगीनंतर धुतलेली हवी, कारण मानेची कातडी पातळ असते आणि काजळी तिथूनच अंगात मुरते.

हातमोजे ईएन ६५९ चे किंवा आयएस १६८७४ चे. वेल्डरचे चामडी मोजे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांना पाणी रोखणारा पडदा नसतो, आणि ओलं चामडं तापलं की आक्रसून बोटांना आवळतं. मोजे घालून रेडिओचं बटण दाबता येतं का, होजची (पाण्याच्या पाइपची) कपलिंग जोडता येते का, हे घेण्यापूर्वी करून बघा. जमत नसेल तर आगीच्या ठिकाणी माणूस ते काढून ठेवणार, हे गृहीत धरा.

बुटांच्या बाबतीत एवढंच पाहा: पुढे स्टीलची किंवा कंपोझिटची टोपी, तळव्यात खिळारोधक पत्रा, आणि पोटरीपर्यंत उंची. बाजारातले पीव्हीसीचे गमबूट तापले की मऊ होतात.

आत काय घालता, हेही बघा. टेरिकॉट, पॉलिस्टर, नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. क्रिकेटची जर्सी घालून आलेल्याला मी ड्रिललाही उभं करत नाही. सुती बनियन, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पायमोजे.

तिसरी पायरी: श्वास

कोटावर पैसे खर्चून बीए सेटमध्ये काटकसर करणारी पथकं मी पाहिली आहेत. हे उलट आहे. आगीत बहुतेक माणसं धुराने जातात, ज्वाळेने नव्हे. तोंडाला ओला रुमाल बांधून किंवा एन-९५ लावून धुरात शिरायचं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड सरळ आत येतो, आणि ऑक्सिजन कमी असेल तर मास्क तो निर्माण करू शकत नाही. वाहन पेटलं तरी बीए सेटच लावायचा. उघड्यावर आहे म्हणून सीटच्या फोमचा आणि बॅटरीचा धूर निरुपद्रवी होत नाही.

सिलिंडर किती वेळ पुरतो हा हिशेब पथकातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा. नेहमीचा कार्बन कंपोझिट सिलिंडर ६.८ लिटरचा, ३०० बार दाबाचा. ६.८ गुणिले ३०० म्हणजे २०४० लिटर हवा. प्रत्यक्षात इतक्या दाबाला ती थोडी कमीच मावते. ५५ बारच्या आसपास हवा संपत आल्याच्या इशाऱ्याची शिट्टी वाजते. त्या वेळी उरलेली ३७४ लिटर हवा जीव वाचवण्याची, कामाची नाही. कामाला उरतात १६६६ लिटर. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४१ मिनिटं. पण जिना चढताना, होज ओढताना माणूस सहज ६० लिटर घेतो. मग उरली २७ मिनिटं. घाबरलेला माणूस १०० लिटरपर्यंत जातो, त्याला १६ मिनिटंच मिळतात. म्हणून पाटीवर छापलेल्या ‘४५ मिनिटां’वर विसंबू नका. ड्रिलमध्ये प्रत्येकाचा खरा खप मोजा आणि नावापुढे लिहून ठेवा. आणि शिट्टी वाजल्यावर निघायचं ही सवय मोडा. आत जायला जितकी हवा लागली, तितकी परतीला लागणार. शिट्टी वाजेल तेव्हा तुम्ही दाराबाहेर असायला हवं.

दाढीवर मास्क बसत नाही. मिशी चालते, पण मास्कच्या रबराखाली केस येता कामा नयेत. मास्कमधला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे फटीतून धूर आत येण्यापेक्षा हवा बाहेर जाते, हे खरं. पण ती वाया जाणारी हवा तुमच्याच २७ मिनिटांतली असते. चष्म्याच्या काड्याही तीच फट पाडतात. चष्मेवाल्यांसाठी मास्कच्या आत बसणारी फ्रेम मिळते, ती मागवा.

सिलिंडर भरून घेताना श्वसनाच्या हवेचा खास कॉम्प्रेसरच वापरा. त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत पाच भाग) आत आणि तेल घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. टायरवाल्याच्या किंवा शॉपफ्लोअरच्या कॉम्प्रेसरमधून हे होत नाही. सिलिंडरवर कोरलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची) तारीखही पाहा. मुदत संपली असेल तर तो बाजूला काढा, कितीही नवा दिसत असला तरी.

घालण्याचा क्रम

पँट बुटांवर गुंडाळून ठेवलेली असते. बुटात पाय घालायचे आणि पँट वर ओढायची. हूड डोक्यातून गळ्यात घ्यायची, पण अजून वर करायची नाही. कोट चढवून चेन, वरची पट्टी, कॉलर बंद. बीए सेट पाठीवर. आधी खांद्याचे पट्टे आवळायचे, मग कमरेचा, आणि कमरेचा आवळला की खांद्याचे किंचित सैल करायचे, म्हणजे भार कमरेवर जातो आणि खांद्यावरची हवा दबत नाही. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. सिलिंडर पूर्ण उघडून गेज पाहायचा. मास्क लावायचा, हाताने नळी दाबून श्वास ओढून गळती तपासायची. हूड आता मास्कच्या कडेवर ओढायची. हेल्मेट, हनुवटीचा पट्टा, शेवटी हातमोजे. जोडीदार समोर उभा राहून कान, मान, मनगट डोळ्यांनी तपासतो. कातडीचा एक ठिपकाही दिसला तर आत सोडायचं नाही.

सरावलेला माणूस एका मिनिटात कोट-पँट चढवतो. घाई नसताना शंभर वेळा केलं तरच घाईत होतं.

नाशिकचा उन्हाळा

पूर्ण पोशाख, बीए सेट आणि हातातली हत्यारं मिळून वीस किलोच्या वर जातं. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस अंश असताना हा पोशाख घातलेला माणूस आगीजवळ न जाताही तापतो. अमेरिकेत कर्तव्यावर असताना मृत्यू पावणाऱ्या अग्निशामकांमध्ये हृदयविकाराचा झटका हे वर्षानुवर्षं सगळ्यात मोठं कारण राहिलं आहे. आपल्याकडे तर पथकातले कितीतरी जण चाळिशी ओलांडलेले, रात्रपाळी करून आलेले असतात.

एक सिलिंडर संपला की माणसाला बसवा. कोटाची चेन उघडा, पँट गुडघ्यापर्यंत खाली, सावली, पाणी. किमान वीस मिनिटं. कोपरापर्यंत दोन्ही हात थंड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले तर अंग भराभर निवतं. याला बादलीपलीकडे काही लागत नाही, म्हणून प्रत्येक गाडीवर दोन बादल्या ठेवाच. बडबडायला लागलेला, चिडचिडा झालेला, किंवा घाम येणं बंद झालेला माणूस पुन्हा आत जात नाही. तो “मी ठीक आहे दादा” म्हणणारच. त्याचं ऐकू नका.

बाहेर आल्यावर

काळवंडलेला कोट ही मर्दुमकीची खूण असं मानणारी पिढी मी पाहिली, तिच्याच हाताखाली शिकलो. जुलै २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या कामाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. काजळीत जे असतं, ते कोटातून घरापर्यंत येतं.

म्हणून कोट काढण्याआधी, मास्क तोंडावर असतानाच, जोडीदाराने ब्रशने आणि हलक्या धारेने साबणाच्या पाण्याने वरची काजळी उतरवायची. वरून खाली, डोक्यापासून बुटापर्यंत. त्याआधी दोन-तीन मिनिटं थांबा, कारण तापलेला कोट आतून अजून गरम असतो. लगेच पाणी मारलं किंवा कोणी खांद्यावर थाप दिली, तर आगीतून सुखरूप आलेला माणूस बाहेर भाजतो. मग मोजे, हेल्मेट, कोट, पँट, आणि मास्क सगळ्यात शेवटी. कोट मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत बांधून गाडीच्या मागे. केबिनमध्ये नाही.

घरी धुवायला कोणी कोट नेत असेल तर आजच थांबवा. त्याच मशीनमध्ये घरातल्या लेकरांचे कपडे जातात. पथकासाठी स्वतंत्र मशीन घ्या, किंवा हे काम जाणणाऱ्या धुलाई केंद्राशी ठरवून घ्या. बाहेरचा कोट आणि आतलं अस्तर वेगळं करा, उलटं करा, चेन-वेल्क्रो बंद करा. पाणी ४० अंशांच्या आत, साबण सौम्य. ब्लीच अजिबात नको, ते अ‍ॅरॅमिडचा धागा खातं. फॅब्रिक कंडिशनरही नको. वाळवणं सावलीत, पंख्याखाली.

सावलीवर मी का अडून बसतो, ते सांगतो. एका पथकात कोट पश्चिमेच्या खिडकीपाशी टांगलेले असायचे. ओळीतल्या शेवटच्या कोटाचा एक खांदा फिका, मातकट झालेला. मी तिथली शिवण दोन बोटांत धरून हलकेच ओढली, तर कापड जुन्या वर्तमानपत्रासारखं फाटलं. तो कोट एकाही आगीत गेला नव्हता. रोज दुपारचं ऊन तेवढं त्याने खाल्लं होतं.

तपासणी आणि निवृत्ती

प्रत्येक वापरानंतर वरवर, आणि वर्षातून एकदा कसून. कसून म्हणजे अस्तर वेगळं काढायचं. अंधाऱ्या खोलीत गोधडीच्या थरामागे बॅटरी धरली की पातळ झालेली जागा लगेच उजळ दिसते. पडद्याच्या तपासणीसाठी त्याची खोलगट घडी करून वाटीभर पाणी, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून ओता आणि तीन मिनिटं थांबा. खाली ओल आली तर पडदा गेला. शिवणी, चेन, चमकणाऱ्या पट्ट्या पाहा. पट्टीवर मोबाइलचा टॉर्च मारला तर ती लखकन उजळली पाहिजे. रात्री महामार्गावर तेवढीच एक गोष्ट तुम्हाला ट्रकवाल्याला दाखवते.

बनवल्याच्या तारखेपासून दहा वर्षं झाली की कोट बाद, वापरला असो वा नसो. हा अमेरिकन मानकातला नियम आहे आणि मला तो योग्य वाटतो. बाद कोट मध्ये कापून टाका. नुसता बाजूला ठेवला तर तो कुठल्या तरी कंत्राटी कामगाराच्या अंगावर पुन्हा दिसतो.

प्रत्येक कोटाला नंबर द्या, वहीत एक पान द्या. खरेदी, धुलाई, दुरुस्ती, कुठल्या आगीत गेला, सगळं त्यात.

जिथे हा कोट घालायचाच नाही

शीतगृहात अमोनिया गळला तर फायर कोट घालून आत जाऊ नका. वायू कोटातून आरपार जातो आणि काखेत, जांघेत, जिथे घाम असतो तिथे भाजतो, कारण त्याला पाणी ओढून घेतं. हवेत ३०० पीपीएम झाला की जिवाला धोका. गळती बंद करायला शिरणाऱ्याला हवाबंद रासायनिक सूट आणि त्याच्या आत बीए सेट लागतो. तो सूट आग सोसत नाही आणि अमोनिया हवेत १५ ते २८ टक्के असला तर पेट घेऊ शकतो, त्यामुळे वीज बाहेरूनच तोडलेली हवी. एवढी तयारी नसेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून परिसर रिकामा करणं आणि लांबून पाण्याचा फवारा धरून वाफ खाली बसवणं, हेच काम. साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारू नका, तो आणखी उकळतो.

विजेचं काम आलं की फायरचे मोजे विसरा. विजेसाठी रबरी मोजे वेगळे असतात. क्लास ० चे मोजे एक हजार व्होल्टपर्यंत. वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून गालाजवळ धरायचे, भोक असेल तर वारा जाणवतो. छपरावरच्या सौर पॅनेलमध्ये मेन स्विच पाडला तरी ऊन असेपर्यंत वीज असतेच.

वणव्याला तीन थरांचा कोट घालून डोंगर चढलात तर उष्माघाताने पडाल. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, जीनसारखी सुती पँट, चामडी बूट, गॉगल, चामडी मोजे. ट्रॅक पँट नको, ठिणगीने वितळते.

वाडा खचला तर हलकं हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, कापरोधक मोजे. धुळीला एन-९५ इथे चालतो.

आणि पूर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंडाच्या बाजूला दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, यावर सगळं शहर पुराचा अंदाज बांधतं. त्या पाण्याशी जाणाऱ्याच्या अंगावर फायर कोट नको, गमबूट तर नकोच. बुटात पाणी भरलं की पाय उचलत नाही. अंगात लाइफ जॅकेट, आणि त्याचा पायांमधून जाणारा पट्टा लावलेला. तो न लावता उडी मारली तर जॅकेट वर जातं आणि माणूस खाली राहतो. डोक्याला भोकं असलेलं हलकं हेल्मेट, पायात घट्ट बांधलेले बूट, खिशात शिट्टी आणि कमरेला दोर कापायची सुरी. दोर अंगाला कधीच पक्का बांधायचा नाही. काठावरच्या माणसाच्या हातात फेकायच्या दोराची पिशवी असू द्या आणि त्यानेही लाइफ जॅकेट घातलेलं असू द्या, कारण घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि घसरणारा बहुतेक वेळा तोच असतो.